लग्नात पुऱ्या का नव्हत्या?

लेकीचं लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी बस्तीत अभिषेक आटोपून पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात ओळखीच्या एक बाई जवळ आल्या. हळद, मांडव, जावई, सगळ्याची चौकशी झाली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाकी सगळं छान झालं हो. पण पुऱ्या का नव्हत्या? म्हणजे, काही अडचण होती का?"

अडचण म्हणजे पैशांची, हे मला कळलं. मी हसून वेळ मारून नेली. पायऱ्यांवर उभं राहून देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. आज सविस्तर देते. या उत्तरात माझी दोन भांडणं आहेत. एक पॅकेज घेऊन लग्न करणाऱ्यांशी. दुसरं, "आमच्या काळी घरीच किती छान लग्नं व्हायची" असं डोळे मिटून म्हणणाऱ्यांशी. दुसरं भांडण जास्त जुनं आहे, कारण त्या काळी मी स्वयंपाकघरात होते.

आधी पहिलं भांडण.

लग्न ठरलं आणि आमच्या घरातही सगळ्यांसारखंच सुरू झालं. कुणीतरी एका इव्हेंटवाल्याचा नंबर दिला. तो मुलगा टॅब घेऊन आला, गोड बोलला आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन पाठवलं. मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण कोटेशन वाचता येतं. हॉल १,७५,०००. जेवण ६०० ताटं, ताटामागे ५५० रुपये, म्हणजे ३,३०,०००. सजावट २,२०,०००. त्यांची स्वतःची फी १,००,०००. बेरीज ८,२५,०००. एकत्र पॅकेज, म्हणून सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, तो १,४८,५००. एकूण ९,७३,५००. कपडे आणि सोनं यात नाही.

हे म्हणाले, "एकुलती एक मुलगी आहे, होऊ दे." मी आकड्यांवर अडले नव्हते. आमची ऐपत अगदीच नाही असं नाही. मी अडले ते एका ओळीवर: 'स्वागत समारंभ व स्नेहभोजन, सायंकाळी ७ ते १०.'

मैत्रिणींनो, फेब्रुवारीत आमच्या सांगलीकडे सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. त्याच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, ताटावरून उठायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरी पाळतोही. पाहुण्यांसमोर अभिमानाने सांगतो. आणि आपल्याच मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर वर णमोकार मंत्र छापतो, खाली सात वाजता जेवायला या म्हणतो. हॅलोजनचे दिवे लावतो, त्यावर किडे झेपावतात, खाली गालिच्यावर त्यांचा सडा पडतो आणि आपण त्यावरून चालत वधूवरांना शुभाशीर्वाद द्यायला जातो. मी किती लग्नांत हे पाहिलं आणि गप्प बसले, याचा हिशोब माझ्याकडे आहे. पण स्वतःच्या दारात नको होतं.

मी त्या मुलाला विचारलं, "दिवसा जेवण देता येईल का?" म्हणाला, "देऊ की काकू, पण लायटिंग दिसणार नाही." बरोबर आहे त्याचं. त्याचा धंदा लायटिंगचा आहे. माझा प्रश्न त्याला नाहीच. प्रश्न आपल्याला आहे.

पुढे मी विचारलं, "पीठ कधी दळलेलं असतं?" तो हसला. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. पाणी गाळलं तर ४८ मिनिटं. कांदा, लसूण, बटाटा घातला नाही की झालं 'जैन फूड', असं केटरिंगवाल्यांना वाटतं, आणि आपण त्यांना तसं वाटू दिलं आहे. कारण खोलात विचारायला लागलं की आपणच अवघडतो.

हे मी आमच्या स्वाध्यायात बोलले, तेव्हा एका मैत्रिणीने वेगळाच मुद्दा काढला. म्हणाली, "घरी दोनशे माणसांचा स्वयंपाक म्हणजे केवढा आरंभ! चुली, पाणी, भाज्या चिरणं. तो दोष आपण का घ्यायचा? बाहेर दिलेलं बरं." मुद्दा वरवर पाहता शास्त्राला धरून आहे, म्हणून उत्तर शास्त्रातलंच देते. हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तीन प्रकारची सांगितली आहे. स्वतः केली ती, दुसऱ्याकडून करवली ती, आणि होताना बरं म्हटलं ती. कंत्राट दिलं म्हणजे कृतच्या खात्यातली रक्कम कारितच्या खात्यात गेली. बाकी तीच राहिली. फरक एवढाच की घरी भाजी निवडताना अळी दिसली तर आपण पान बाजूला ठेवतो. तिकडे ती कुणाला दिसतच नाही.

हे 'दिसत नाही' लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं त्याच्यावर आहे.

मग आला तो नेहमीचा आणि सगळ्यात सज्जन वाटणारा आक्षेप. "आजकाल कुणाला वेळ आहे? पै-पाहुण्यांना कशाला त्रास द्यायचा?" हे वाक्य मी आमच्या भाऊबंदांत निदान दहा तोंडून ऐकलं. आपल्या पत्रिकेवर णमोकाराशेजारी जैन प्रतीक असतं, भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षात सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारलेलं. त्याखाली तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातलं एक सूत्र असतं. त्याचा अर्थ, जीव एकमेकांच्या उपयोगी पडण्यासाठी आहेत. ते आपण सोनेरी शाईत छापतो आणि नातेवाइकांना म्हणतो, तुमचा उपयोग नको, तुम्ही फक्त जेवायला या आणि आहेराचं पाकीट द्या.

मदत न मागणं म्हणजे समोरच्याचा विचार करणं, असं आपण समजतो. माझं मत उलट आहे. पैसे देऊन सगळं करून घेतलं की आपण कुणाचेच मिंधे राहत नाही, हे आपल्याला आवडतं. पण मिंधे राहणं ही वाईट गोष्ट नाही. उद्या त्याच्या घरी कार्य निघालं की मला जायला हक्क राहतो, तो या मिंधेपणातूनच.

कुणी म्हणेल, लग्नाला शोभा नको का? १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली आपण जैनही येतो. त्याला काय लागतं ते वाचा. दोन्हीपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावा, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. सात पावलांना कितीशी जागा लागते? आमच्या वाड्याच्या सोप्यात ती सहज मावतात. २०२० साली सरकारने लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली होती. त्या वर्षी लागलेली लग्नं काही कमी लागली नाहीत. ती जोडपी आज लेकरांना शाळेत सोडतात.

तेव्हा ठरलं. लग्न गावच्या घरी, वाड्यात. दिवसा. माणसं २२०, कारण परड्यात एका पंगतीला ७५ पानं बसतात आणि तीन पंगतींच्या पुढे शेवटच्या माणसाला उशीर होतो. मी घरात जाहीर केलं, "लग्न घरचं करायचं."

हे खूश झाले. मुलगा खूश झाला. लेक म्हणाली, "चालेल, पण दिवसभर ओठांवर हसू चिकटवून स्टेजवर उभी राहणार नाही." सून मात्र काही बोलली नाही. ती शाळेत शिकवते, मोजकं बोलते. रात्री ताटं आवरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, घरचं म्हणजे नक्की कुणाचं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे करणार कोण?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिचा प्रश्न माझाच होता. मी तो चाळीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता, आणि विचारला नव्हता.

आता दुसरं भांडण.

१९८६चा मे महिना. माझं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. आमच्या धाकट्या वन्संचं लग्न याच वाड्यात झालं. सातशे माणूस. आम्ही चौघी जावा. 'घरचं लग्न', सगळा गाव अजून नाव काढतो. पहाटे चारपासून परड्यात भट्ट्या पेटल्या. दोघी लाटत होत्या, एक पीठ मळून देत होती आणि मी कढईपुढे. पुऱ्या. पुरीचं कसं असतं, ती आधी करून ठेवता येत नाही. गार झाली की वातड होते. पंगत बसायच्या वेळी कढई तापलेली हवी आणि कढईपुढे माणूस हवं. माणूस म्हणजे सून.

मुहूर्ताची वेळ झाली. मांडवात मंगलाष्टकं सुरू झालेली ऐकू येत होती. सासूबाईंनी आठवणीने मूठभर अक्षता आत पाठवल्या. माझे हात तेलाचे. त्या मी ओट्यावर ठेवायला सांगितल्या. शेवटचं मंगलाष्टक संपलं, वाजंत्री वाजली, तेव्हा माझ्या हातात झारा होता. अक्षता ओट्यावरच राहिल्या. संध्याकाळी ओटा पुसताना मी त्या उचलून तुळशीत टाकल्या.

त्या लग्नाचा अल्बम अजून आमच्या कपाटात आहे. काळे-पांढरे आणि थोडे रंगीत मिळून शंभरएक फोटो. लांबचे मामा आहेत, बँडवाले आहेत, कुणाचं तरी कुत्रंसुद्धा आहे. आम्ही चौघी जावा एकाही फोटोत नाही.

कॉलेजात असताना अर्थशास्त्राच्या तासाला पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं एक उदाहरण शिकवलं होतं. एखाद्याने घरकामाला पगारी ठेवलेल्या बाईशीच लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न तेवढ्याने कमी होतं. काम तेच, बाई तीच, फक्त पगार बंद, म्हणून हिशोबातून काम गायब. वर्गात आम्ही सगळे हसलो होतो. १९८६नंतर मला ते आठवून हसू आलेलं नाही.

तेव्हा जुन्या लग्नांचे गोडवे गाणाऱ्यांनो, ज्यांना ती लग्नं फुकटात झाल्यासारखी वाटतात, त्यांनी एवढं सांगावं की मंगलाष्टकाच्या वेळी तुम्ही कुठे उभे होता? मांडवात असाल, तर आठवण तुमची आहे, खर्च दुसऱ्या कुणाचा तरी आहे. केटररच्या भटारखान्यातलं काम जसं आपल्याला दिसत नाही, तसंच घरच्या स्वयंपाकघरातलंही दिसत नव्हतं. एक पैसे देऊन नजरेआड केलं, दुसरं रीत म्हणून. दोन्ही ठिकाणी हिशोब चुकलेलाच.

दुसऱ्या दिवशी मी एक नवी वही काढली आणि सुनेला समोर बसवून म्हटलं, "आता तू सांग आणि मी लिहिते." आम्ही दोघींनी मिळून जे नियम केले, ते इथे देते. कुणाला उपयोगी पडले तर बरं वाटेल.

१. अक्षतांच्या वेळी सगळ्या शेगड्या बंद. स्वयंपाकघरात एकही माणूस नाही. आचारीसुद्धा मांडवात.

२. या नियमात न बसणारा पदार्थ यादीतून बाद.

३. प्रत्येकाला एकच काम, आणि ते दोन तासांपेक्षा जास्त नाही. जास्तीचं काम असेल तर माणूस वाढवायचा.

४. जितकी कामं बायकांना, तितकीच पुरुषांना. 'वरची देखरेख' हे काम धरायचं नाही.

५. अवजड आणि घाण काम घरच्यांच्या माथी मारायचं नाही. त्याला मजुरी देऊन माणसं लावायची आणि त्यांनाही पंगतीत बसवायचं.

६. सूर्योदयाच्या आधी चूल पेटणार नाही आणि जेवणं चारच्या आत संपतील.

पुऱ्या दुसऱ्या नियमाने गेल्या. हे आहे त्या बस्तीतल्या प्रश्नाचं उत्तर.

पुऱ्यांऐवजी दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या. सकाळी केल्या तरी दुपारपर्यंत मऊ राहतात. गोड म्हणून खपली गव्हाची खीर, आमच्याकडे हुग्गी म्हणतात. गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, सुंठ. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवली तर दोन तास गरम राहते, उलट मुरते. मसालेभात, वरण-भात, दोडका-घेवड्याची भाजी, कच्च्या केळ्याची भाजी. काकडीच्या कोशिंबिरीत दही नाही, कारण पानात वरण आहे आणि डाळीबरोबर कच्चं दही आपल्याला चालत नाही. लिंबू आणि खोबरं घातलं. मुहूर्त १२ वाजून १० मिनिटांचा. सूर्योदय सातच्या सुमाराला. पाच तास मिळत होते. एक आचारी आणि त्याचे दोन मदतनीस पगारी ठेवले. तो म्हणाला, "काकू, मी तीनला चूल पेटवतो, सातला नाही जमणार." मी यादी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली आणि म्हणाला, "पुरी नाही? मग जमेल."

आता कामं वाटायची होती. पूर्वी बायकांना बोलावणं करायला बायकाच जायच्या. मी घराघरांत पुरुषांना सांगायला गेले. थोरल्या भाऊजींना म्हटलं, "तुमच्याकडे काकड्या." ते म्हणाले, "आणायच्या ना? आणतो." मी म्हटलं, "चिरायच्या." त्यांना थट्टा वाटली. मोठ्या जाऊबाई आतून म्हणाल्या, "थट्टा नाही ती, लिहून घ्या." लग्नादिवशी भाऊजींनी आणि त्यांच्या मेव्हण्यांनी दहा किलो काकडी चिरली. जाड चिरली. कुणाचं काही बिघडलं नाही.

पाणी गाळायचं काम भाच्याकडे. इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनवर ४८ मिनिटांचा गजर लावून ठेवला होता. प्रत्येक वेळी दुहेरी फडक्याने गाळायचं आणि जिवाणी विहिरीत परत सोडून यायची. पहिल्या दोन वेळा तोंड वाकडं केलं. नंतर लहान पोरांना तो स्वतःच समजावून सांगत होता की जिवाणी वरून ओतायची नाही, पाण्यापाशी नेऊन सोडायची. पुण्याच्या भाचीला सुट्टी नव्हती. तिने तिथून फोन करून कोण किती वाजता कुठल्या गाडीने येणार याची यादी केली आणि तीन गाड्या ठरवल्या. दोन तास नाहीत असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आठ दिवस कुणाकडेच नसतात, आणि ते मागूही नयेत. पूर्वी मागत होतो, तीच चूक होती.

माझी एक चूक झाली, तीही सांगते. आमच्या वन्संना मी काहीच काम दिलं नव्हतं. माहेरवाशीण आहे, आयुष्यभर सासरी राबली, चार दिवस बसू दे, असं माझ्या मनात. हळदीच्या दिवशी त्या वही बघायला आल्या. बोटाने सगळी नावं वाचत खाली गेल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मी पाहुणी झाले का?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, "अहो तसं नाही, तुमच्या लग्नात मी..." आणि मग झाऱ्याची गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. वन्सं गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मांडवात नव्हता? मला माहीतच नाही हो." खरंच माहीत नव्हतं. नवरीने कुणाकुणाला शोधायचं? तिला वाटलं, सगळे आहेत.

मी त्यांना अक्षता वाटायचं काम दिलं.

लग्नादिवशी बारा वाजता सुनेने स्वतः जाऊन शेगड्या बंद केल्या. एक चुलत सासरे आहेत, घरातले सगळ्यात वडीलधारे. त्यांना कुणीतरी सांगितलं की स्वयंपाकघर रिकामं आहे. ते उठून आले आणि मला म्हणाले, "अगं, पंगतीला उशीर होईल. दोघीचौघी आत थांबू देत. असंच चालत आलंय." पूर्वीची मी असते तर आत गेले असते. मी म्हटलं, "काका, पंगत पंचवीस मिनिटं उशिरा बसेल. चला, तुम्ही पुढे बसा." ते काही बोलले नाहीत, पण जेवण होईपर्यंत माझ्याशी बोललेही नाहीत. नंतर दोनदा हुग्गी मागून घेतली, एवढं मी पाहिलं.

वन्संनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बाहेर येणाऱ्या एकेकीच्या हातात अक्षता दिल्या. चौघी जावांपैकी एक आता नाही. आम्ही तिघी होतो. माझ्या हातात देताना त्यांनी दोन मुठी दिल्या. आचारी आणि भांडी घासायला आलेल्या बायकाही मांडवात होत्या. त्यातल्या एकीने सांगितलं, वीस वर्षं लग्नघरी काम करते, पण अक्षता टाकायला कुणी बोलावलं नव्हतं.

आता हिशोब, कारण तो दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

किराणा, भाजी, दूध, तूप: ४८,०००. आचारी व मदतनीस: २२,०००. भांडी घासण्याची व झाडलोटीची मजुरी: ९,०००. मंडप, खुर्च्या, भांडी यांचं भाडं: ५६,०००. पत्रिका, उपाध्यांची दक्षिणा, वाजंत्री, फोटो: ४१,०००. एकूण १,७६,०००.

इथे थांबलं तर मी पिगूच्या वर्गातली नापास विद्यार्थिनी. घरच्या ३१ माणसांचे तास मी वहीत मांडले होते. पापडापासून मांडव आवरण्यापर्यंत सगळे मिळून ४१० तास. आचाऱ्याच्या मदतनिसाला दिलेली मजुरी ताशी साधारण १०० रुपये पडली. तोच दर लावला तर ४१,०००. म्हणजे लग्नाचा खरा खर्च २,१७,०००. त्या पॅकेजशी याची सरळ तुलना करू नका, तिथे ६०० माणसं होती, इथे २२०. पण ती जादाची ३८० माणसं कोण होती, हे मी आमच्या ह्यांना विचारलं तेव्हा त्यांना पन्नासाच्या पुढे नावं आठवली नाहीत.

आणखी एक आकडा. ४१० तासांपैकी १६ बायकांचे २२८ आणि १५ पुरुषांचे १८२. म्हणजे नियम करूनही बरोबरी झाली नाही. चौथा नियम अर्धवटच पाळला गेला, हे मान्य करते. पुढच्या कार्यात वही आणखी आधी काढायची, असं सुनेने शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

एका नातेवाइकांनी पाठीमागे म्हटलं, "पैसे वाचवायला आम्हाला राबवलं." मला ते लागलं. पण खोटं बोलणार नाही, पैसे वाचले. पाच लाख लेकीच्या एकटीच्या नावावर ठेवपावती करून ठेवले. ज्यांना वाटतं की आपल्याला राबवलं, त्यांच्या घरचं पुढचं कार्य कधी आहे ते मला कळवावं. माझे दोन तास त्यांच्या वहीत आधीच धरा. भांडीसुद्धा घासेन.

प्रत्येकाने घरीच लग्न करावं, असं मी म्हणत नाही. शहरात दोन खोल्यांत राहणाऱ्याला वाडा कुठून मिळणार? हॉल घ्या, आचारी लावा. पण हॉल घेतला तरी तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, जेवण सूर्य असताना आहे का? दुसरा, घरच्या माणसांना खुर्ची सोडून काही काम दिलं आहे का? आणि तिसरा, अक्षतांच्या वेळी आत कोण आहे?

आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुणीतरी असेल" असं आलं, तर ते घरचं लग्न असो की पाचशे रुपये ताटाचं, जाऊन आधी शेगडी बंद करा. पंचवीस मिनिटं उपाशी राहून कुणी मरत नाही. आपण तर उपवास करणारी माणसं.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर त्यांना हेच सांगणार आहे. आणि दशम्या कशा करायच्या ते हवं असेल तर तेही सांगेन.

जय जिनेंद्र.